डावी बाजू त्यांची

अगं, आधी ते तीन-तीन स्वयंपाक बंद कर. रात्री साडेआठला एका बर्नरवर सासूबाईंची दुधीची भाजी, दुसऱ्यावर थोरल्याचं पनीर, आणि ते उतरतंय न उतरतंय तोच धाकटीच्या नूडल्सचं पातेलं. सगळ्यांचं वाढून तू बसतेस तेव्हा पोळ्या वातड झालेल्या असतात नि तुझी भूक मेलेली असते. एवढं करून ऐकायला काय मिळतं, तर "आज परत हेच?" काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, ही पोरं जेवतच नाहीत, मी काय करू?" सांगते. पण मुलांना सुधारायचा कार्यक्रम तूर्त बाजूला ठेव. आधी तुझा ओटा सुधारू.

आपलं पान कसं वाढतात ते आठव. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये पोळी आणि भात. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. यात मोठं शहाणपण आहे बघ. उजवीकडे काय येणार हे स्वयंपाक करणारीनं ठरवायचं. डावीकडचं किती, कशाला नि कशाबरोबर लावायचं हे जेवणाऱ्यानं. भाजी सपक वाटली, चटणी लाव. आमटी झणझणीत झाली, दही घे. स्वयंपाकघरात न येता, कुणाला नावं न ठेवता, प्रत्येकजण आपापल्या जिभेपुरता बदल करून घेऊ शकतो.

आणि रोजच्या धबडग्यात आपण नेमकी हीच बाजू काढून टाकली. ताटात भाजी, पोळी, वाटीत आमटी, झालं. डावी बाजू आता सणावाराला. मग ज्याला भाजी आवडली नाही त्याच्या हातात उरतं काय? 'मला नको' एवढंच. सोळा वर्षांच्या मुलाला दिवसभर शाळा, क्लास, वेळापत्रक सगळं दुसरेच ठरवून देतात; घरी आल्यावर निदान तोंडात काय जाणार हे तरी तो ठरवणारच. त्याला ठरवायला दुसरं काही ठेवलंच नाहीस, तर तो नकार ठरवेल.

म्हणून माझं सगळं सांगणं एका ओळीत घे: स्वयंपाक एकच, शेवटचा हात ज्याचा त्याचा.

अमेरिकेत एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ आहेत. मुलांच्या जेवणाबद्दल त्यांनी फार सुटसुटीत वाटणी करून दिली आहे. काय, केव्हा आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. दोघांनीही एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आपलं केळीचं पानच आलं.

आता प्रत्यक्ष ओट्यावर ये. सोपं म्हणून वरणापासून सुरू कर. वाटीभर तुरीच्या डाळीत मूठभर मूगडाळ घालून, हिंग-हळद टाकून कुकरला लाव. शिजली की रवीनं चांगली घोट. आता यातलं वाटीभर काढून ठेव. त्यात फक्त मीठ. हे धाकटीचं, वर तूप आणि लिंबू. उरलेल्यात आमसूल, गूळ, गोडा मसाला घालून आमटी उकळ. ही सासूबाईंची आणि तुमची. आणि थोरल्याला ती 'ढाब्यासारखी' हवी असते ना? फोडणीच्या कढल्यात चमचाभर तूप तापव, ठेचलेला लसूण लालसर होऊ दे, दोन सुक्या मिरच्या मोडून टाक, गॅस बंद करून लाल तिखटाची चिमूट, आणि ते चर्र करून त्याच्या वाटीवर ओत. खरं तर तूच कशाला ओततेस? कढलं त्याच्या हातात दे. डाळ एक, कुकर एक, वाढलेलं काम तीन-चार मिनिटांचं. तीनही माणसांना वाटतं, आज माझं केलंय.

हाच हिशेब बाकीच्याला लाव. मोड आलेली मटकी शिजली की निम्मी बाजूला काढ. एका भागाची गूळ-खोबरं घालून साधी उसळ होते. दुसऱ्यावर पातळ तर्री सोडली, बाजूला फरसाण, चिरलेला कांदा नि पाव ठेवला की मिसळ. बटाट्याची किंवा फ्लॉवरची सुकी भाजी पोळीबरोबर खाताना तोंड वाकडं होतं, पण तीच भाजी, तीच पोळी, त्यावर हिरवी चटणी, पातळ चिरलेला कांदा, चाट मसाला टाकून गुंडाळली आणि तव्यावर दोन्हीकडून शेकली की मुलं तिला फ्रँकी म्हणतात आणि दोन मागतात. घरात अंडं चालत असेल तर पोळीला आतून त्याचा पातळ थर. भाजणीचं पीठ एकदाच भिजव. सासूबाईंच्या थालीपिठात कांदा-कोथिंबीर, धाकटीच्यात किसलेलं गाजर, आणि थोरल्याच्या थालीपिठावर चीज किसायचं असेल तर किसू दे. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद, धणे सगळं गेलेलं आहे. वरच्या चिमूटभर चीजनं ती बाटत नाही. वरणफळं करशील तेव्हा पोळी लाटून दे आणि कातणं त्यांच्या हातात दे. शंकरपाळे काप नाहीतर पट्ट्या काप, वरणात पडल्यावर सगळं सारखंच शिजतं.

एक मात्र सांभाळ. उजवीकडे रोज निदान एक गोष्ट अशी असू दे की जी दोन्ही मुलांपैकी प्रत्येकजण खातोच. नुसती पोळी असेल, भात असेल, वरण असेल, चालेल. नावडती भाजी पानात असताना शेजारी ओळखीचं काहीतरी असलं की भीती जाते, आणि भीती गेली की कधीतरी बोट बुडवून बघितलं जातं.

आता डावी बाजू. ती रोज नव्यानं करायची म्हटलीस तर आठवड्यात कंटाळशील. रविवारी दुपारी तासभर दे. शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, जवस किंवा कारळ्याची, लसूण-खोबऱ्याची. यातल्या कुठल्याही दोन, आलटून पालटून. मेतकुटाची बरणी. एक लोणचं. विरजण रोजचंच. चटण्यांच्या बरण्या कपाटात नकोत, टेबलावर ठेव, हात पोचेल अशा. रोज ताजं करायचं ते एकच, कोशिंबीर. आणि तीही तू करायची नाहीस. ते पुढे सांगते.

या बरण्यांना कमी समजू नकोस. 'आयसीएमआर'च्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जी शिफारस केली, तिच्यात तेरा ते पंधराच्या मुलामुलींना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. पेलाभर दुधातून त्याचा साधारण पाव वाटा मिळतो. तुझी लेक दुधाला शिवत नाही, म्हणून तू रडतेस. मग दही आहे, ताक आहे, नाचणीचं धिरडं किंवा भाकरी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तिळाची चटणी ती पोळीला लावून नुसतीही खाते, तर खाऊ दे. हाडांचा बहुतेक साठा अठरा-विशीपर्यंत भरून होतो, म्हणून ही वर्षं महत्त्वाची. पण तो साठा दुधाच्या पेल्यातूनच भरला पाहिजे असा कुठे नियम आहे?

आता 'आवडत नाही' म्हणजे नक्की काय, ते एकदा शांतपणे विचार. जेवताना नको, दुसऱ्या कुठल्या वेळी. बहुतेक वेळा उत्तर भाजीचं नसतं, ती तोंडात कशी लागते याचं असतं. भेंडी नको म्हणजे बुळबुळीत नको. मग ती धुऊन, फडक्यानं कोरडी करून, बारीक चिर. पसरट कढईत झाकण न ठेवता परत, मीठ शेवटी, वर लिंबू किंवा आमसूल. तार सुटत नाही नि कडा कुरकुरीत होतात. वांगं नको म्हणजे गिळगिळीत साल नको. भरताला किंवा रवा लावलेल्या कापांना तोच मुलगा हो म्हणेल. पालकाच्या पातळ भाजीत दाणे लागतात ते आवडत नाहीत, पण पराठ्यात पालक चालतो. शेपूचा मात्र वासच नको असतो, तिथे काही इलाज नाही. शेपू तू आणि सासूबाई खा.

आणि काहींची जीभच वेगळी असते, हे खोटं नाही. १९३१ साली अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक पूड उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे ही! फॉक्सला काहीच चव लागेना. दोघांनी वाद घातला, मग इतरांच्या जिभेवर ती ठेवून बघितली, आणि कळलं की तो कडवटपणा काहींना लागतो, काहींना लागतच नाही. पुढे सापडलं की हा फरक जन्माबरोबर येतो, एका जनुकातून. कोबी, मोहरी या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा अशा काही जणांना जास्त झोंबतो. तेव्हा एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाला कोबी गोड लागतो आणि दुसऱ्याला कडू, हा नखरा असेलच असं नाही. कोबी बारीक चिरून, शेंगदाण्याचं कूट, गूळ, लिंबू घालून पचडी कर. कडूपणाला गोड-आंबट उतारा चालतो. तरी नकोच असेल तर सोडून दे. बाजारात भाज्यांना तोटा नाही.

दुसरं, भुकेची वेळ. तुझा मुलगा संध्याकाळी सहाला क्लासच्या बाहेर दोन वडापाव खातो आणि रात्री नऊला 'भूक नाही' म्हणतो. मग अकराला फ्रिज उघडतो. तू हे खोडसाळपणात मोजतेस. पण सोळा ते अठराच्या मुलाला याच पोषण संस्थेच्या हिशेबानं दिवसाला ३३२० किलोकॅलरी लागतात, आणि तुझ्यासारख्या बैठं काम करणाऱ्या बाईला १६६०. बरोब्बर दुप्पट. तुझ्या दोन पोळ्यांच्या मापानं तू त्याचं ताट मोजू नकोस. शिवाय या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते, सकाळी तोंडात घास फिरत नाही आणि रात्री भूक लागते. हे निसर्गानंच केलंय, त्याच्याशी भांडून काय उपयोग?

म्हणून पाच-साडेपाचला, क्लासला जाण्याआधी, खरं खाणं दे. बिस्किटं नव्हेत. भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे, घावन-चटणी, उकडलेली अंडी, दडपे पोहे, कालच्या पोळीची फोडणीची पोळी. पोटात हे असलं की दोन वडापावांचा एक होतो. आणि रात्री जेवण हलकं झालं तर होऊ दे. वरणभात, कढी-खिचडी, ताकाबरोबर थालीपीठ. रात्रीच्या जेवणात सगळे षड्रस आणि सगळी जीवनसत्त्वं बसवायचा अट्टहास धरलास की तेच जेवण परीक्षेचा पेपर होतं. आठवड्याचा हिशेब बघ, एका रात्रीचा नको.

लेकीच्या बाबतीत एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. लोह. तेरा ते पंधराच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मोठ्या पुरुषाला १९. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे दर पाचांतल्या तिघी. यात गरिबाच्या घरच्याच असतात असं समजू नकोस. ती दमते, चिडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, केस गळतात, तर हिमोग्लोबिन एकदा तपासून घे. डाळी, उसळी, पालेभाज्या, बाजरी यांतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट हवं, म्हणून ती लिंबाची फोड. पोह्यांवर, उसळीवर, वरणावर लिंबू पिळायची आपली सवय नुसती चवीची नव्हे. आणि जेवणाला लागून चहा नको; त्यानं लोह नीट शोषलं जात नाही. आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असं आहाराच्या मार्गदर्शक सूचनांतही आलंय. तुझ्या घरी जेवण झाल्यावर साडेनऊला चहा होतो. तो बंद करायचं जमेल का बघ, निदान तिच्यापुरता.

थोरल्याचं दुसरंच असेल. जिमच्या नादानं प्रोटीनचा डबा मागतोय ना? त्याला ओरडू नको, बरोबर बसून हिशेब कर. त्याच्या वयाला दिवसाची शिफारस ५५ ग्रॅम आहे. एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर शेंगदाणे सात-आठ, घट्ट वरणाची वाटी सहा-सात, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, शिवाय चार-पाच पोळ्यांमधून येतं ते वेगळंच. कागदावर बेरीज त्यालाच करू दे. आईनं सांगितलेलं मुलं विसरतात, स्वतः केलेली बेरीज विसरत नाहीत. आणि यानंतर तो उसळीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघेल, हा वरचा फायदा.

आता टेबलावरची भाषा. 'एक घास, माझ्यासाठी', 'एवढं संपवल्याशिवाय उठायचं नाही', 'आम्ही लहानपणी मिळेल ते खायचो'. हे तिन्ही बंद. २००६ साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात लहान मुलांना दोन सूप दिली. एकाच्या वेळी 'सूप संपव' असं सारखं सांगत राहिले, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोललं नाही. ज्याचा आग्रह झाला ते मुलांनी कमी प्यायलं, आणि नावंही त्यालाच जास्त ठेवली. ही तर पाचेक वर्षांची मुलं. तुझी तर त्यांच्या तिप्पट वयाची आहेत, शब्दाला शब्द देणारी. खाऊन माजावं पण टाकून माजू नये, हे खरंच आहे. पण त्याचा उपाय बळजबरी नव्हे. वाढून घ्यायचा डाव त्यांच्या हातात दे, म्हणजे चमचाभर घेतील आणि टाकायचा प्रश्नच येणार नाही.

वजनावर टेबलावर एक अक्षर नको. 'किती वाळलीस', 'आता पुरे, गाल बघ केवढे आलेत', काही नको. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं होतं की ज्या घरात आईवडील वजनाबद्दल बोलतात, तिथली मुलं उपाशी राहण्यासारखे नको ते उपाय जास्त करतात; जिथे नुसतं चांगल्या खाण्याबद्दल बोलतात तिथे ते कमी दिसलं. आपल्याकडे तर पाहुणी दारातून आत येता येता पोरीच्या अंगावर शेरा मारते. पाहुणीचं तोंड धरता येत नाही. पण ती गेल्यावर लेकीला 'लक्ष देऊ नकोस' एवढं आपण म्हणू शकतो.

सासूबाईंचा विषय नाजूक आहे, मला ठाऊक आहे. 'आमच्या वेळी असले लाड नव्हते' हे त्या म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना काम दे. डावी बाजू त्यांच्याकडे सोपव. कारळ्याची चटणी किती भाजायची, मेतकुटात काय काय पडतं, हे तुला तरी कुठे येतं? नातीला त्यांच्या हाताखाली बसव. ज्या चटणीचे कारळे आपण भाजले ती पोळीला लावून बघितल्याशिवाय पोर उठत नाही, आणि नात आपली चटणी मागते म्हटल्यावर आजीचंही बोलणं निम्म्यावर येतं. नवऱ्याला मात्र बाजूला घेऊन स्पष्ट सांग. बाबांनीच ताटाकडे बघून 'परत भोपळा?' म्हटलं की पुढे तुझं कोण ऐकणार? आणि मोबाइल टेबलावर नको हा नियम असेल तर तो ऑफिसच्या फोनलाही लागू.

आणखी एक. भाज्या लपवू नकोस. पावभाजीत दुधी, गाजर, भोपळा कुस्करून घालणं यात लपवणं काही नाही, पावभाजी असतेच तशी. पण 'यात भोपळा आहे का?' असं विचारल्यावर 'छे' म्हणू नकोस. पंधराव्या वर्षी जीभ आणि संशय दोन्ही तल्लख असतात. एकदा खोटं सापडलं की पुढे गुलाबजामसुद्धा फोडून बघतील. 'हो, आहे. घारग्यातही असतो, ते तुला आवडतात' असं सरळ सांग आणि विषय सोड.

आता कोशिंबिरीचं. ती मुलांची. एक दिवस तो, एक दिवस ती. काकडी चोचव, दाण्याचं कूट, दही, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. दहा मिनिटांचं काम. शुक्रवारचा अख्खा स्वयंपाकही त्यांच्याकडे सोपव. अट एवढीच: एक डाळ किंवा उसळ, एक भाजी, आणि पोळी, भाकरी किंवा भात. बाकी त्यांची मर्जी. यूट्यूब बघून करतील, करू देत. पण कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'ही एकदा त्यांच्या पुढ्यात टाक. १९७० सालचं पुस्तक, पण मापं वाटी-चमच्याची. नवख्या माणसाला वजनकाटा शोधावा लागत नाही. पहिल्या दोन-तीन शुक्रवारी ओटा बघवणार नाही, मीठ चुकेल, कुकरची शिट्टी लावायची राहील. तू बाहेर बस. मुलगा आहे म्हणून त्याला यातून सूट नाही, हे मी वेगळं सांगायला नको. उद्या शिकायला पुण्याबाहेर गेला की मेसच्या जेवणाला नाकं मुरडण्यापेक्षा स्वतःपुरता वरणभात लावता आलेला बरा.

आणि ज्या रात्री काहीच पसंत पडणार नाही, त्या रात्रीसाठी एक ठरलेली वाट ठेव. दही-भात, दूध-पोळी किंवा मेतकूट-भात-तूप. घरात असतंच, ते उठून ज्याचं त्यानं घ्यायचं. तू गॅस पेटवायचा नाहीस. यात राग नको, टोमणा नको, 'मग खा दही-भात' असा शिक्षेचा सूरही नको. पंधरवड्यातून एकदा बाहेरून मागवायचं असेल तर तेही आधी ठरवून, वार ठरवून. भाजी खाल्ली म्हणून पिझ्झा, असा सौदा कधीच नको. बक्षीस पिझ्झा म्हटल्यावर भाजी आपोआप शिक्षा होते.

एक गंभीर गोष्ट आहे, तीही बोलून टाकते. चोखंदळपणा वेगळा आणि आजार वेगळा. वजन उतरत चाललंय, मुलीची पाळी थांबली, खाण्याची यादी आकसत चार-पाच पदार्थांवर आली, सगळ्यांबरोबर बसायचं टाळलं जातंय, जेवल्या जेवल्या बाथरूमचं दार लागतंय, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नकोस. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखव, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर जा. त्यात लाजायचं काही नाही.

बाकी एवढं सगळं करूनही पुढच्या दिवाळीपर्यंत धाकटी कारलं खाईल असं मी लिहून देत नाही. ज्याला त्याला एखाद-दुसरी भाजी आयुष्यभर नकोच असते. तुझंच बघ. तुला गवार आवडत नाही, आणि लग्न झाल्यापासून तुझ्या घरात ती कधी शिजली नाही. कुणी तुला हट्टी म्हटलं नाही, कारण पिशवी तुझ्या हातात होती. तू ती मंडईतच नाकारून मोकळी झालीस. मुलांच्या हातात पिशवी नसते, म्हणून ती ताटात नाकारतात. तेव्हा या रविवारी पाव किलो कोवळी गवार आण, दाण्याचं कूट नि खोबरं घालून कर, आणि स्वतःच्या पानात चमचाभर वाढून घे. सगळ्यांदेखत. फारच जड गेली तर डावीकडे चटणी आहेच.